परदेशी निघताना डॉलर, कार्ड आणि चार्जर : सांगलीतच उरकायची कामं

“डॉलर काय, विमानतळावर मिळतातच की!” मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी निघालेल्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. मिळतात हे खरं, पण तिथला दर गावातल्या दरापेक्षा जवळजवळ नेहमीच महाग पडतो. शिवाय पॅनवरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही हे मध्यरात्री मुंबईच्या काउंटरवर कळलं, तर तिथे दुरुस्त करून देणारं कुणी नसतं. सांगली-मिरजेहून मुंबई म्हणजे ट्रॅव्हल्सची अख्खी रात्र. घरी काही राहिलं तर मागे फिरता येत नाही. म्हणून पैशाची आणि विजेच्या वस्तूंची कामं निघायच्या निदान पंधरा दिवस आधी, इथेच संपवा. गेल्या काही वर्षांत घरातल्या बऱ्याच वडीलधाऱ्यांना परदेशी जाताना मी निरोप दिलाय. त्या धावपळीत जे कळलं ते इथे नीट सांगतो.

चलन कुणाला मिळतं आणि किती

रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीममध्ये, म्हणजे बँकेत ज्याला सरळ ‘एलआरएस’ म्हणतात त्यात, भारतात राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकन डॉलरपर्यंत परकीय चलन वापरता येतं. २००४ साली योजना सुरू झाली तेव्हा ही मर्यादा २५,००० डॉलर होती. मर्यादा माणशी असते, त्यामुळे आईची वेगळी आणि बाबांची वेगळी. लहान मुलांनाही ती लागू आहे, त्यांच्या वतीने पालक सही करतात. मात्र भागीदारी फर्मला किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाला ही सोय नाही. मार्केट यार्डात पेढी असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं : पेढीच्या खात्यातून स्वतःच्या सहलीचे डॉलर काढता येत नाहीत, वैयक्तिक खात्यातूनच काढावे लागतात.

नेपाळ आणि भूतानला जायचं असेल तर परकीय चलन मिळतच नाही, तिथे आपला रुपया चालतो.

आपल्याला दोन-तीन महिन्यांच्या मुक्कामाला एवढी रक्कम लागणार नाहीच. खरा प्रश्न रोख नोटांचा. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला रोख परकीय नोटा ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात, बाकी रक्कम फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन आधीच भरून दिलेल्या कार्डावर, घ्यायची. माझं मत विचाराल तर मुलाकडे राहायला जाणाऱ्या जोडप्याला रोख पाचशे-सहाशे डॉलर पुष्कळ झाले, आणि त्यातही सुट्ट्या नोटा मागून घ्या. शंभराची नोट घेऊन विमानतळावर चहा घ्यायला गेलं की अडायला होतं.

कागदपत्रं

पासपोर्ट, व्हिसा, जायचं तिकीट, पॅन कार्ड, आणि ए-२ नावाचा फॉर्म. फॉर्म बँक किंवा मनी चेंजरच देतो. त्यात प्रवासाच्या कारणाचा एक कोड असतो. सहलीसाठी किंवा नातेवाइकांकडे जाण्यासाठी तो ‘एस ०३०६’, धंद्याच्या प्रवासाचा आणि उपचाराचा वेगळा. काउंटरवरचा माणूस घाईत कोड टाकतो, तुम्ही एकदा वाचून मगच सही करा. पुढे आयकराच्या कागदात हीच नोंद दिसते.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती आईच्या पॅनवर. आयुष्यभर घर सांभाळलेल्या बाईच्या नावावर पॅन नसतंच, किंवा असलं तर लग्नाआधीच्या नावाचं, किंवा आधारशी न जोडलेलं. पॅन नसेल आणि आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर आयकर खात्याच्या पोर्टलवर ई-पॅन फुकट आणि लगेच मिळतं. नावाची दुरुस्ती मात्र वेळ खाते. म्हणून व्हिसा हातात आला की त्याच दिवशी पासपोर्ट आणि पॅन शेजारी-शेजारी ठेवून एकेक अक्षर पडताळा. आमच्या आत्याच्या पासपोर्टवर मधलं नाव काकांचं आणि पॅनवर तिच्या वडिलांचं होतं. हे आम्हाला निघायच्या चार दिवस आधी कळलं. शेवटी तिच्या नावाने काही न घेता सगळं चलन काकांच्या नावावर घ्यावं लागलं.

कुठे जायचं, पैसे कसे द्यायचे

परकीय चलन फक्त रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँका आणि मनी चेंजरच विकू शकतात. आपल्या भागात पतसंस्थेत आणि लहान सहकारी बँकेत खाती असणारे बरेच. तिथे हे काम सहसा होत नाही. मोठ्या बँकेच्याही प्रत्येक शाखेत नोटा नसतात. म्हणून आधी फोन करून विचारा, “नोटा तुमच्याकडे आहेत की मागवाव्या लागतील, आणि कोणत्या चलनाच्या?” डॉलर लवकर मिळतात, ऑस्ट्रेलियन किंवा कॅनेडियन डॉलरला आठवडाही लागू शकतो. ओळखीतल्या कुणाकडून “बाहेरून” डॉलर घेऊ नका. तो परकीय चलन कायद्याचा भंग ठरतो, आणि नोट खोटी निघाली तर दाद मागायला जागा राहत नाही.

रुपयांत ५०,००० पेक्षा कमी रक्कम रोख देता येते. त्याच्या पुढची चेकने, कार्डाने किंवा ज्याचा प्रवास त्याच्या खात्यातून ट्रान्सफर करून द्यायची. चलन निघायच्या जास्तीत जास्त ६० दिवस आधीच घेता येतं, त्यामुळे दिवाळीनंतर जायचंय म्हणून उन्हाळ्यात दर बरा आहे असं बघून घेऊन ठेवता येत नाही.

जीएसटीला घाबरायचं कारण नाही, तो पूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाख रुपयांचे डॉलर घेतले तर जीएसटी १८० रुपये होतो. टीसीएस म्हणजे आगाऊ कापला जाणारा कर. १ एप्रिल २०२५ पासून माणशी वर्षाला दहा लाखांपर्यंत तो कापला जात नाही. साध्या प्रवासासाठी त्याच्या पुढच्या रकमेवर २० टक्के कापतात, पण विवरणपत्र भरताना ते पैसे वळते होतात. परदेशाची पॅकेज टूर घेतली तर मात्र टीसीएस पहिल्या रुपयापासून असतो, ते टूरवाल्याकडून आधीच समजून घ्या.

पावती जपून ठेवा. परत आल्यावर ती लागते.

कार्ड आणि ओटीपी

ऑक्टोबर २०२० पासून नवीन डेबिट-क्रेडिट कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू होऊन येतात. परदेशातला वापर आपण स्वतः बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेतून सुरू करायचा, आणि रोजची मर्यादाही ठरवायची. हे घरी बसून करा, कारण बँक ओटीपी पाठवते ती भारतातल्या नंबरावर. तो नंबर परदेशात बंद पडला तर कार्डही लंगडं होतं. बाबांच्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वीच चालू करून घ्या. डेटा नको असेल तर नको, मेसेज येण्यापुरतं हवंच.

साधं डेबिट कार्ड परदेशात चालवलं की बँक विनिमय दरावर आपली टक्केवारी लावते आणि त्यावर जीएसटी. फॉरेक्स कार्डात दर भरतानाच ठरलेला असतो, म्हणून मोठ्या मुक्कामाला ते बरं. मात्र डॉलर भरलेलं कार्ड दुबईत थांबल्यावर दिरहममध्ये वापरलं तर पुन्हा रूपांतराचे पैसे जातात. आणि दुकानाच्या यंत्रावर “रुपयांत द्यायचे की तिथल्या चलनात” असा प्रश्न आला, तर आईला पाठच करून द्या : तिथल्याच चलनात. रुपये निवडले की दर त्यांच्या मर्जीचा लागतो.

आपले रुपये सोबत २५,००० पर्यंत नेता येतात आणि परत आणता येतात. येताना ट्रॅव्हल्सच्या तिकिटाला तेवढे पाकिटात असू द्या. अमेरिकेत उतरताना एकत्र जाणाऱ्या कुटुंबाकडे मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोकड असेल तर तिथल्या कस्टमला लिहून द्यावं लागतं. रक्कम नेणं गुन्हा नाही, लपवणं आहे.

पाटल्या, कॅमेरा आणि कस्टमचा दाखला

हे फार थोड्या जणांना माहीत असतं. इथून नेलेली महागडी वस्तू, म्हणजे सोन्याच्या पाटल्या, कॅमेरा, भारीतलं घड्याळ, परत आणताना ती तिकडे घेतलेली नाही हे दाखवता आलं नाही, तर शुल्काचा वाद उभा राहू शकतो. त्यासाठी जाताना विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याकडून निर्यात दाखला, म्हणजे एक्स्पोर्ट सर्टिफिकेट, घेता येतो. त्यासाठी वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते, म्हणून ती चेक-इन बॅगेत टाकू नका. सोबत पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि खरेदीची पावती असू द्या. दागिन्याचं वजन, कॅमेऱ्याचा सिरियल नंबर दाखल्यावर उतरतो. या कामासाठी तासभर हाताशी ठेवा. विटा-खानापूरच्या गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्या, व्यावसायिकांच्या घरांत सोन्याच्या पावत्या तारखेनिशी ठेवायची सवय आहे, ती इथे उपयोगी पडते. मंगळसूत्र आणि रोजच्या दोन बांगड्यांपलीकडचं सोनं घरी ठेवूनच जावं, असं मी स्पष्ट सांगतो.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत नाही

आत्याच्या त्याच प्रवासात बॅग काउंटरवर दिली, पट्ट्यावरून आत गेली, आणि वीस मिनिटांनी तिच्या नावाचा पुकारा झाला. एका खोलीत बॅग उघडायला लावली. वरून दोन नऊवारी, मग भडंगाचे पुडे, त्याखाली कापडात बांधलेली सांगलीची हळद, आणि हळदीच्या पुडीला टेकून नातवाची पॉवर बँक. “आतच सुरक्षित राहील म्हणून ठेवली हो,” एवढंच ती म्हणत राहिली. साडीला हळद लागली ती लागलीच, पण सुरक्षा तपासणीच्या रांगेत शेवटून उभं राहिल्यावर तिचे हात थरथरत होते ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक कायम हातातल्या बॅगेत ठेवायच्या, कारण सामानाच्या कप्प्यात आग लागली तर ती हाताने विझवता येत नाही. बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये (Wh) मोजतात : १०० वॉट-अवरपर्यंत परवानगीशिवाय चालतं, १०० ते १६० ला विमान कंपनीची आधी परवानगी लागते, त्यापुढे नाहीच. वॉट-अवर छापलेलं नसेल तर हिशोब सोपा आहे : पॉवर बँकेवर छापलेला एमएएचचा (mAh) आकडा गुणिले ३.७, भागिले १०००. म्हणजे २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची, चालते. ३०,००० ची १११ होते, ती घरीच ठेवा. आकडे पुसलेली जुनी पॉवर बँक तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. विमानात ती वापरायला आता अनेक कंपन्या मनाई करतात. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून वापर बंद केलाय, आणि एमिरेट्समध्ये माणशी एकच नेता येते. त्यामुळे फोन घरूनच पूर्ण चार्ज करा. अमेरिकेकडे जाताना तपासणीत फोन किंवा लॅपटॉप चालू करून दाखवायला सांगू शकतात, बॅटरी संपलेली असेल तर वस्तू अडते.

चार्जरवर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट’ लिहिलेलं असतं, तो जगात कुठेही चालतो, फक्त पिन बदलणारा अ‍ॅडॅप्टर लागतो. अमेरिकेत दोन चपट्या पिना, इंग्लंड, दुबई आणि सिंगापूरला तीन चौकोनी. मिक्सरची गोष्ट वेगळी. आपला मिक्सर २३० व्होल्टचा, अमेरिकेत वीज १२० व्होल्टची. सुनेसाठी हौसेने नेलेला मिक्सर तिथे नीट फिरणार नाही. त्यापेक्षा शेंगदाण्याची चटणी इथूनच कुटून न्या.

परत आल्यावर

उरलेल्या परकीय नोटा १८० दिवसांत बँकेत किंवा मनी चेंजरकडे परत विकायच्या असतात. पुढच्या खेपेसाठी २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवायला परवानगी आहे, नाणी कितीही. विकताना जुनी पावती सोबत न्या. आणि इंग्लंडहून कधीकाळी आणलेले वीस आणि पन्नास पौंड कपाटात असतील तर काढून बघा. कागदी असतील तर ३० सप्टेंबर २०२२ नंतर ते तिथल्या दुकानांत चालत नाहीत, बँक ऑफ इंग्लंडकडून बदलून घेता येतात.