छोट्या ऑफिसचा डेटा: जागा भरपूर, पण हवी तिथे नाही

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या मध्यम कारखान्यात डोकावलं तर साधारण असं चित्र दिसतं. अकाउंट्सच्या सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरलेली, जुन्या फायली पुसून जागा करावी लागते. शेजारच्या खोलीत डिझाइनच्या मशीनला ४ टीबीची डिस्क, तीही निम्म्याहून जास्त रिकामी. मालक अकाउंट्ससाठी आणखी एक डिस्क आणतो आणि काही महिन्यांत पुन्हा तेच रडगाणं.

यावरचा उपाय म्हणजे स्टोरेज व्हर्च्युअलायझेशन. डेटा प्रत्यक्ष जिथे लिहिला जातो ती जागा आणि प्रोग्रामला दिसणारा तिचा पत्ता, या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवायच्या, एवढीच त्यातली मूळ कल्पना. सांगलीशेजारच्या हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीखालच्या त्या खड्ड्यांत कुणाची किती पोती आहेत ते वहीत असायचं. व्यापाऱ्याला माल मोजून परत मिळाला की झालं, तो कुठल्या पेवात होता याच्याशी त्याला कर्तव्य नसायचं.

कॉम्प्युटरमध्ये या वहीचं काम एक तक्ता करतो. सगळ्या डिस्क मिळून एक साठा बनतो आणि त्याचे छोटे तुकडे, म्हणजे ब्लॉक, पाडलेले असतात. टॅलीने, म्हणजे हिशेबाच्या प्रोग्रामने, पन्नास हजारावा ब्लॉक मागितला की प्रोग्राम आणि डिस्क यांच्या मधला सॉफ्टवेअरचा थर तक्त्यात बघतो, तो तिसऱ्या डिस्कवर सापडतो आणि तिथून काढून देतो. उद्या तिसरी डिस्क कुरकुरायला लागली, तर तिच्यावरचे ब्लॉक मागच्या मागे पाचव्या डिस्कवर हलवायचे आणि तक्त्यातली नोंद बदलायची. टॅलीवर बिलं करणाऱ्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. माझ्या मते या तंत्राची खरी किंमत इथेच आहे. जागा वाचते हा त्यावरचा बोनस.

हे सगळं आजचं नाही. १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडलं की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात. त्यालाच आपण रेड (RAID) म्हणतो. पण दूरच्या डिस्क जवळच्यासारख्या वापरायच्या तर पूर्वी वेगळं, महाग फायबरचं जाळं लागायचं. २००४ मध्ये आयस्कझी (iSCSI) हे मानक आलं आणि डिस्कला द्यायचे हुकूम साध्या लॅनच्या, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कच्या, वायरवरून जाऊ लागले. लहान धंद्याला हे परवडू लागलं ते तेव्हापासून.

एक डिस्क गेली तरी डेटा परत कसा मिळतो, हे कागदावर करून बघण्यासारखं आहे. तीन डिस्कवर अनुक्रमे १, ० आणि १ लिहिलंय. चौथीवर असा आकडा लिहायचा की एकूण १ सम संख्येत येतील, म्हणजे इथे ०. आता दुसरी डिस्क जळाली. उरले १, १ आणि ०. त्यात १ दोनदा आलाय, म्हणजे सम आहे; तेव्हा हरवलेला आकडा ० असणार. अब्जावधी वेळा हेच गणित केलं की नव्या डिस्कवर जुना डेटा तयार होतो.

फक्त त्याला वेळ लागतो. ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने भरायची म्हटली तरी १५ तास जातात, आणि ऑफिस चालू असेल तर त्याहून जास्त. तेवढा वेळ बाकीच्या डिस्कवर प्रचंड ताण असतो, आणि त्या बहुधा पहिलीबरोबरच घेतलेल्या, तिच्याच वयाच्या असतात. म्हणून मोठ्या डिस्क असतील तर दोन डिस्क गेल्या तरी तगेल अशीच रचना करा. इथे काटकसर नको.

मिरजेतल्या दवाखान्यांना याचा आणखी एक फायदा आहे. सीटी स्कॅनची एक चकती, म्हणजे शरीराच्या एका आडव्या कापाचं चित्र, ५१२ बाय ५१२ ठिपक्यांची, प्रत्येक ठिपक्याला २ बाइट, म्हणजे साधारण अर्धा एमबी. एका पेशंटच्या ६०० चकत्या झाल्या की ३०० एमबी. आजचा स्कॅन डॉक्टरांना ताबडतोब लागतो, दोन वर्षांपूर्वीचा क्वचितच. मधला थर आजचा डेटा एसएसडीवर, म्हणजे चिपच्या वेगवान डिस्कवर, ठेवतो आणि जुना आपोआप स्वस्त डिस्कवर सरकवतो.

एका सोयीला मात्र जपून हात लावा. पाच विभागांना प्रत्येकी २ टीबी दाखवायचे आणि खाली प्रत्यक्षात ६ टीबीच ठेवायचे, याला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात. सगळे एकदम भरत नाहीत, म्हणून ते चालतं. पण ज्या दिवशी खालचा साठा संपतो त्या दिवशी पाचही विभागांचं लिहिणं एकदम अडतं आणि डेटाबेस अर्धवट अवस्थेत बंद पडू शकतो. ८० टक्के भरल्यावर मोबाइलवर मेसेज येईल अशी सोय नसेल, तर हे वापरूच नका.

नेटवर्ककडेही बघा. १ गिगाबिटच्या लॅनमधून सेकंदाला जेमतेम ११० एमबी जातात. एक साधी डिस्कसुद्धा याहून जोरात धावते. त्यामुळे स्टोरेजसाठी निदान वेगळा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडणारी पेटी, हवा. आणि चार कॉम्प्युटरचं दुकान असेल तर एवढा खटाटोपच नको. दोन डिस्कवर एकसारखा डेटा ठेवणारं छोटं नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) आणि बाहेरगावी एक कॉपी पुरते.

बाहेरगावची ती कॉपी प्रत्येकाला हवीच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी कधीच ओलांडली आणि पाणी ५७ फुटांवर गेलं. एकाच कपाटातल्या चारही डिस्क पाण्यात गेल्यावर कुठलंच गणित उपयोगी पडत नाही. सुदैवाने तक्ता ठेवणाऱ्या या थराला आज कुठले ब्लॉक बदलले हे नेमकं माहीत असतं, त्यामुळे तेवढेच पाठवावे लागतात. दिवसाला २० जीबी बदल असतील तर ५० एमबीपीएसच्या अपलोडवर तासाभरात काम होतं. कॉपी विट्याला ठेवा, जतला ठेवा, पुण्याला ठेवा, नदीपासून लांब ठेवा. ती कुलूपबंद असेल तर तिची किल्ली, म्हणजे पासवर्ड, कागदावर लिहून तिजोरीत ठेवा, आणि तिजोरी वरच्या मजल्यावर असू द्या. तीन महिन्यांतून एकदा त्या कॉपीवरून एखाद्या जुन्या महिन्याची टॅली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, आणि ते काम अकाउंटंटकडूनच करून घ्या, कारण आकडे बरोबर आहेत की नाही हे त्यालाच कळेल.