मिररलेस ऑटोफोकस : हलत्या माणसांचे छायाचित्रण, विशेषतः नाशिकमधील

आरसा नसलेल्या म्हणजे मिररलेस कॅमेऱ्याची, चालणाऱ्या, धावणाऱ्या किंवा नाचणाऱ्या माणसावर फोकस आपोआप धरून ठेवण्याची क्षमता. ती दोन गोष्टींवर जोखतात. माणूस आणि कॅमेरा यांतले अंतर क्षणाक्षणाला बदलत असताना लेन्स त्याच्यामागोमाग सरकते की नाही, ही पहिली. गर्दीत ती त्याच माणसाला धरून राहते की शेजारच्याला जाऊन चिकटते, ही दुसरी. गेल्या दहा-बारा वर्षांत पहिली बरीचशी सुटली आहे. दुसरी तेवढी सुटलेली नाही, आणि लग्न, मिरवणूक, रथ, पर्वणी अशा गर्दीतच ज्यांचे निम्मे काम चालते त्या नाशिकच्या फोटोग्राफरांना रोज तिलाच तोंड द्यावे लागते.

फोकस कसा बसतो

ऑटोफोकसच्या मुख्य पद्धती दोन. कॉन्ट्रास्ट पद्धतीत कॅमेरा लेन्स थोडी पुढे सरकवतो, चित्र अधिक रेखीव झाले का पाहतो, पुन्हा सरकवतो. धुक्यात ब्रह्मगिरी चढणाऱ्याला उतार लागल्यावरच माथा मागे राहिल्याचे कळते, तसेच इथे होते. योग्य जागा ओलांडून परत यावे लागते. स्थिर वस्तूवर ही पद्धत अचूक असते, पण समोरून येणारा माणूस तोवर दोन पावले पुढे आलेला असतो.

फेज पद्धतीत लेन्सच्या डाव्या आणि उजव्या भागातून आलेल्या प्रकाशाची तुलना होते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसल्या तर फोकस बरोबर आहे. सरकलेल्या असतील तर कोणत्या बाजूला आणि किती, यावरून लेन्स पुढे न्यायची की मागे आणि किती, हे एकाच मोजणीत कळते. अशा लागोपाठच्या मोजण्यांतून कॅमेरा माणसाचा वेग काढतो आणि शटर उघडेल त्या क्षणी तो कुठे असेल याचा अंदाज बांधून लेन्स आधीच तिथे नेऊन ठेवतो. हलत्या माणसांच्या छायाचित्रणात खरे महत्त्व या अंदाजाला आहे.

जुन्या डीएसएलआर म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यातही फेज पद्धतच होती. तिथे मुख्य आरशामागचा छोटा आरसा प्रकाश खाली एका वेगळ्या सेन्सरकडे पाठवत असे. तो सेन्सर आणि फोटो टिपणारा सेन्सर यांच्या अंतरात केसभर फरक पडला तरी प्रत्येक फोटोत फोकस डोळ्याऐवजी कानावर बसे. बॉडी आणि लेन्स घेऊन सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारलेल्यांना हे सांगायला नको. शिवाय फोकसचे बिंदू फ्रेमच्या मध्यभागी दाटलेले असत, त्यामुळे कडेला उभ्या माणसावर फोकस धरायचा तर आधी मध्यावर धरून मग कॅमेरा वळवावा लागे. मिररलेसमध्ये मोजणी फोटोच्याच सेन्सरवर होते. म्हणून हा फरक पडायला वाव राहत नाही आणि बिंदू जवळजवळ कडेपर्यंत पसरतात.

मात्र बहुतेक मिररलेस सेन्सरवर पिक्सेल डावे-उजवे असेच विभागलेले असतात. त्यामुळे कॅमेरा आडवा धरलेला असताना उभ्या रेषा त्यांना चटकन कळतात, नुसत्या आडव्या रेषांवर ते चाचपडतात. येवल्याची पैठणी नेसलेली बाई पाठमोरी असेल आणि फोकसच्या चौकटीत फक्त आडवा गेलेला काठ येत असेल, तर लेन्स क्वचित पुढेमागे झोके खाते ती यामुळे. कॅमेरा थोडा तिरका केला की फोकस बसतो.

थोडा इतिहास

आरशाच्या कॅमेऱ्यात ऑटोफोकस खऱ्या अर्थाने रुळला तो १९८५ च्या मिनोल्टा ७००० पासून. मिररलेसची सुरुवात २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी१ ने झाली. त्यात फक्त कॉन्ट्रास्ट पद्धत होती, म्हणून पुढे काही वर्षे ‘मिररलेस म्हणजे फिरायला जाताना न्यायचा कॅमेरा, ऑर्डरला नाही’ असेच लग्नाचे फोटोग्राफर म्हणत. ते चूक नव्हते. २०११ मध्ये निकॉन १ मालिकेत फेज मोजणी सेन्सरवरच आली. २०१३ मध्ये कॅननने ७०डी या आरशाच्याच कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागणारी ड्युअल पिक्सेल रचना आणली आणि पुढे तीच कॅननच्या मिररलेस कॅमेऱ्यांचा पाया ठरली. २०१४ च्या सोनी ए६००० मध्ये १७९ फेज बिंदू आणि सेकंदाला ११ फोटो मिळू लागले.

वळण आले ते २०१७ च्या सोनी ए९ ने. स्मृतीचा थर जोडलेला स्टॅक्ड सेन्सर, ६९३ बिंदू, सेकंदाला २० फोटो आणि ६० वेळा फोकसची मोजणी असा तो संच होता. फोटो काढताना व्ह्यूफाइंडर काळा होणेही बंद झाले, त्यामुळे धावणारा माणूस डोळ्यांआड होईना. २०१९ मध्ये सोनीने डोळा शोधणारा फोकस नेहमीच्या ट्रॅकिंगमध्येच, म्हणजे हलत्या माणसाच्या पाठलागातच, मिसळला. आधी त्यासाठी वेगळे बटण दाबून धरावे लागे. २०२० मध्ये कॅनन आर५ आणि आर६ आले. २०२१ च्या निकॉन झेड९ मध्ये यांत्रिक शटरच उरले नाही. २०२२ च्या सोनी ए७आर ५ मध्ये माणसाच्या शरीराची ठेवण ओळखणारा वेगळा प्रोसेसर होता, त्यामुळे चेहरा झाकला गेला तरी डोके कुठे असणार हे कॅमेऱ्याला कळू लागले.

आकड्यांचे गणित

फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स एफ/१.८ ला (एफचा आकडा लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे) उघडून ३ मीटरवरच्या नवरीचा फोटो घेतला, तर रेखीव दिसणारा पट्टा सुमारे १३ सेंटिमीटरचा असतो. २ मीटरवर तो ६ सेंटिमीटरवर येतो. मंडपात सावकाश चालत येणारी नवरीसुद्धा सेकंदाला एक मीटरच्या आसपास पुढे येते, म्हणजे १/१० सेकंदात १० सेंटिमीटर. तेवढ्यात डोळा पट्ट्याबाहेर गेलेला असतो. ३३ मिनिटांत १०,००० मीटर धावणारी व्यक्ती सेकंदाला ५ मीटर कापते. तिच्यासाठी २०० मिमी लेन्सवर एफ/२.८ ला १० मीटर अंतरावर जेमतेम ४२ सेंटिमीटरचा पट्टा मिळतो, आणि तो ती १/१२ सेकंदात ओलांडते. याच अंतराच्या शर्यतीत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारी, ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणून ओळखली जाणारी कविता राऊत याच जिल्ह्याची. मविप्र (मराठा विद्या प्रसारक) मॅरेथॉनला पहाटेच्या थंडीत रस्त्याकडेला कॅमेरा घेऊन उभे राहणाऱ्यांना हे गणित कागदावर न मांडताही ठाऊक असते.

अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/४ ला आणले की पट्टा रुंदावतो आणि हाती लागणाऱ्या फोटोंची संख्या लगेच वाढते. पण पार्श्वभूमी विरघळलेली हवी असते, म्हणून एफ/१.४ वर हट्टाने काम होते आणि खापर कॅमेऱ्यावर फुटते.

नाशिकच्या गर्दीत

लग्न. गंगापूर रोडच्या लॉन्सवरचे संध्याकाळचे लग्न ही ऑटोफोकसची सर्वांत कठीण परीक्षा म्हणायला हरकत नाही. मुंडावळ्यांच्या सरी नेमक्या डोळ्यांसमोर झुलतात. कॅमेरा कधी डोळ्यावर, कधी मोत्यावर जातो, आणि छोट्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच बरोबर दिसतात. अंतरपाट धरलेला असतो तोवर चेहराच नसतो. तो खाली येतो त्याच क्षणी अक्षतांचा वर्षाव होतो, आणि फोकसची संवेदनशीलता ‘चपळ’ ठेवली असेल तर लेन्स उडत्या तांदळाच्या दाण्यांमागे धावते. म्हणून मंगलाष्टकांच्या शेवटच्या कडव्याआधी ट्रॅकिंग ‘चिवट’ बाजूला नेऊन ठेवतात, म्हणजे मध्ये काही आले तरी कॅमेरा थोडा वेळ मूळ माणसावर थांबतो.

ढोल-पथक. नाशिक ढोलाचे नाव महाराष्ट्राबाहेरही आहे. वादकाचा हात खालीवर होतो, टिपरू चेहऱ्यासमोरून जाते, पुढून ध्वज फिरतो. इथेही चिवट ट्रॅकिंगच कामी येते. पण या फोटोंत एक वेगळाच घोटाळा असतो, आणि तो या नोंदीत यायलाच हवा : चौकातले शुभेच्छांचे फ्लेक्स. वादकाचे तोंड ढोलाकडे झुकलेले, घामाने केस कपाळावर आलेले. मागे मात्र फ्लेक्सवर डझनभर नेते आणि शुभेच्छुक, सगळे समोर बघणारे, स्थिर, नीट प्रकाशातले. चेहरा शोधणाऱ्या यंत्राला यापेक्षा चांगले गिऱ्हाईक कोण मिळणार? चौकट झेप घेते ती भाऊसाहेबांच्या फ्लेक्सवरच्या हास्यावर. यावर उपाय म्हणजे पूर्ण फ्रेममध्ये चेहरा शोधू न देता लहान क्षेत्र निवडणे आणि ट्रॅकिंगची सुरुवात स्वतः करून देणे. काही नव्या कॅमेऱ्यांत ठरावीक चेहरे आधी नोंदवून त्यांना प्राधान्य देता येते. नवरा-नवरीसाठी ते उपयोगी आहे, शंभर वादकांच्या पथकात त्याचा काय उपयोग?

रथोत्सव. कामदा एकादशीला काळाराम मंदिराचे रामरथ आणि गरुडरथ निघतात. रामरथापुढचे मानकरी रथाकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालतात. समोरून येणाऱ्या फोटोग्राफरला त्यांची पाठच दिसते, चेहरा दिसत नाही. दोर ओढणाऱ्यांचे चेहरे मात्र समोर असतात, त्यामुळे नुसता चेहरा शोधणारा जुना मिररलेस मानकऱ्यांना सोडून दोरावरच्या माणसाकडे जातो. डोके आणि धड ओळखणारे नंतरचे कॅमेरे इथे स्पष्टपणे सरस ठरतात.

रामकुंड. गोदावरी इथे दक्षिणेकडे वळते. जुन्या नाशिकच्या काठावरून सकाळी पंचवटीकडे कॅमेरा लावला की सूर्य समोर येतो, स्नान करणाऱ्यांचे चेहरे काळवंडतात आणि पाण्यावर हजार ठिणग्या चमकतात. डोळा शोधण्याचे काम तिथे कोलमडते. एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड वाढवला की व्ह्यूफाइंडरमधला चेहरा उजळतो आणि चौकट परत येते, पण आकाश पांढरे होते. सरळ पंचवटीच्या बाजूला जाऊन उभे राहावे हा त्याहून सोपा मार्ग, पर्वणीच्या दिवशी पोलिसांच्या कठड्यांमुळे तो बंद असतो इतकेच. २०१५ च्या सिंहस्थात बहुतेक वृत्तछायाचित्रकारांच्या गळ्यात डीएसएलआर होते. २०२७ च्या पर्वण्यांना चित्र उलट दिसेल.

फोकस नव्हे, शटर

‘फोकस सुटला’ अशी तक्रार असलेले बरेच फोटो प्रत्यक्षात हललेले असतात. ओळखायची खूण सोपी आहे. फोकस सुटला असेल तर फोटोत दुसरे काहीतरी, मागचा खांब, पुढची माळ, रेखीव असते. शटरचा वेग कमी पडला असेल तर मागचा खांबही रेखीव, माणसाचे जमिनीवर टेकलेले पायही ठीक, फक्त हात आणि चेहरा ओढल्यासारखे दिसतात. चालणाऱ्याला १/२५०, वरातीत नाचणाऱ्याला १/५००, धावणाऱ्याला १/१००० सेकंद ही अनुभवाने ठरलेली सुरुवात आहे. अंधारात त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, वाढवावा लागतो. दाणेदार पण रेखीव फोटो अल्बममध्ये चालतो.

दुसरा गैरसमज सायलेंट म्हणजे आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरचा. स्टॅक्ड नसलेल्या साध्या सेन्सरला वरून खाली वाचायला बराच वेळ लागतो, काही कॅमेऱ्यांत १/१५ सेकंदाच्या घरात. तेवढ्यात टिपरू वाकडे होते आणि डीजेच्या एलईडी दिव्यांचे काळे पट्टे फोटोभर उमटतात. याचा फोकसशी काही संबंध नाही. ५० हर्ट्झ विजेवरचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यांच्याशी जुळवून घेणारी अँटी-फ्लिकर सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. डीजेचे दिवे मात्र स्वतःच्याच गतीने लुकलुकतात, तिथे यांत्रिक शटर बरे. सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचणारा सोनी ए९ ३ हा २०२३ चा कॅमेरा वाकड्या टिपऱ्यांच्या दोषातून सुटला, पण त्याच्या किमतीत इथल्या एखाद्या स्टुडिओचा सगळा संच येईल.

लेन्सचा वाटाही लक्षात घ्यावा लागतो. नवी बॉडी घेऊन तिच्यावर अडॅप्टर लावून दहा वर्षांपूर्वीची लेन्स वापरणे ही सर्रास चाल आहे, आणि पैशांच्या दृष्टीने समजण्यासारखी आहे. पण बॉडीने सेकंदाला ६० वेळा आज्ञा दिली तरी जुनी मोटर तेवढ्या वेळा थांबू-निघू शकत नाही. हलक्या काचेला लिनिअर मोटर लावलेली साधी लेन्स अशा वेळी जुन्या भारी लेन्सला मागे टाकते.

फोकस बंद करून

रंगपंचमीला जुन्या नाशकात आणि पंचवटीत रहाडी उघडतात. रहाड म्हणजे पेशवेकाळापासून चालत आलेला, वर्षभर झाकून ठेवलेला रंगाचा हौद. लोक काठावरून त्यात उडी घेतात, त्याला धप्पा मारणे म्हणतात. उडी अर्ध्या सेकंदाची, अंग आणि चेहरा एकाच रंगाचे, पुढून उसळणारे रंगाचे पाणी. डोळा शोधणारा फोकस इथे थेंबांवर जातो. यावर जुनीच रीत चालते. ३५ मिमी लेन्स, एफ/५.६, फोकस हाताने ३ मीटरवर लावून ऑटोफोकस बंद. म्हणजे साधारण २.१ पासून ५.१ मीटरपर्यंतचे सगळे रेखीव येते आणि रहाडीचा काठ आणि उडी मारणारा दोघेही त्यात बसतात. शटर १/१००० ला ठेवायचे आणि कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, कारण पुढचा धप्पा आपल्याच अंगावर येतो.