विमोचक वेगळा, सांडवा वेगळा

जुलै लागला की व्हॉट्सॲपवर ठरलेला निरोप फिरतो : 'तलावाचे दरवाजे उघडले, ओढ्याकाठच्यांनी सावध राहा.' सावध जरूर राहा, पण आपल्याकडच्या बहुतेक लहान मातीच्या धरणांना दरवाजे नसतातच. असतो तो सांडवा.

विमोचक म्हणजे बांधाच्या पोटातून कालव्याला पाणी सोडायची वाट. शेतकऱ्याला तो सांगायला नको, रब्बीत पाणी त्यातूनच सुटतं. पाझर तलावाला तर तोही नसतो. 'पूर आला, विमोचक उघडा' म्हणून काही होत नाही, कारण त्याचं तोंड कालव्याच्या गरजेपुरतं असतं. शिवाय बांधाच्या पोटातून जाणारी ती वाट नाजूक. 12 जुलै 1961 ला पानशेतचा बांध खचला तो विमोचकाच्या अर्धवट कामावरच.

सांडवा म्हणजे बांधाच्या माथ्यापेक्षा मुद्दाम खाली ठेवलेली कड. पाणी तिथवर आलं की आपोआप ओढ्यात पडतं. घोटाळा इथूनच सुरू होतो. सांडवा वाहू लागला म्हणजे तलावाचं काम संपलं, आता येईल तेवढं पाणी तसंच खाली जाणार, असं लोक धरून चालतात. पण सांडव्यावरून जास्त पाणी जायचं तर आधी तलावाची पातळी कडेच्या वर चढावी लागते, आणि ती चढते अख्ख्या तलावभर. 10 हेक्टरचा तलाव कडेच्या वर 1 मीटर चढला, की 1 लाख घनमीटर पाणी वर थोपून राहतं आणि पुढच्या काही तासांत सावकाश उतरतं. गावाचा पूर अडतो तो या वरच्या मीटरभरात.

नेमकी हीच उंची लोकांना वाया गेलेली वाटते. मग उन्हाळ्याला पाणी पुरावं म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचतात, विटांची भिंत घालतात. हे पाहिलं की माझ्या अंगावर काटा येतो. कडेपासून माथ्यापर्यंत 4 फूट असताना 2 फुटांची भिंत घातली, तर विसर्गाची ताकद निम्मी नव्हे, जवळपास एक तृतीयांशावर येते. उरलेलं पाणी बांधावरून जातं. दगडी बांध ते काही काळ सोसेल, मातीचा बांध चिरत जातो आणि फुटतो. जास्त पाणी हवं तर गाळ काढा.

मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळी लावणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. पहिल्या पुरात त्या जाळीत काटक्या आणि जलपर्णी अडकते, आणि तिचीच भिंत होते.