तोंडावरचा काळा बुरखा कशासाठी?

दरोड्यातल्या आरोपींना पोलीस न्यायालयात नेतात, तेव्हा अनेकदा त्यांच्या तोंडावर काळा बुरखा असतो. बातम्यांत हे दृश्य आपण कितीदा तरी पाहिलंय. लाज झाकायला दिला असेल, असं बघणाऱ्याला वाटतं. पण बहुतेक वेळा कारण साधं असतं: ओळख परेड अजून व्हायची असते. साक्षीदाराने आरोपीचा चेहरा आधीच टीव्हीवर किंवा पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात पाहिला, तर परेडमध्ये तो ज्याच्याकडे बोट दाखवेल तो माणूस गुन्ह्याच्या रात्री दिसलेला की कालच्या बातम्यांत दिसलेला, हे मग कुणालाच सांगता येत नाही. खुद्द साक्षीदारालाही नाही.

लग्नाच्या मांडवात “तुम्हाला कुठेतरी पाहिलंय हं” म्हणणारे आपण सगळेच. चेहरा पक्का लक्षात असतो, पण तो कुठे पाहिला हे निसटून जातं. चेहरा आणि त्याचा संदर्भ यांची गाठ मेंदूत सैलच असते. एरवी यात हसण्यासारखंच काही असतं. पण 1975 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात डोनाल्ड थॉमसन या मानसशास्त्रज्ञाला पोलिसांनी बलात्काराच्या संशयावरून उचललं. पीडितेने त्यांना रांगेतून ठामपणे ओळखलं होतं. थॉमसन यांचा बचाव असा की, त्या वेळी ते टीव्हीवरच्या थेट प्रसारित होणाऱ्या चर्चेत बसलेले होते, शेजारी एक वरिष्ठ पोलीस अधिकारीही होता. उलगडा झाला तो असा: हल्ल्याच्या आधी त्या बाईंच्या घरी तोच कार्यक्रम चालू होता. पडद्यावरचा चेहरा हल्लेखोराच्या धडावर जाऊन बसला. आणि थॉमसन यांच्या अभ्यासाचा विषय काय, तर स्मृती! बाई खोटं बोलत नव्हत्या, त्यांना खरोखर तोच चेहरा आठवत होता.

आठवणीचं राहू द्या, डोळ्यांसमोर फोटो असतानाही आपण चुकतो. 2011 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी लोकांपुढे चेहऱ्यांचे 40 फोटो ठेवले आणि सांगितलं, एका माणसाचे फोटो एका गठ्ठ्यात लावा. लोकांनी सरासरी सात-आठ गठ्ठे केले. फोटोंत माणसं होती दोन. दोघीही नेदरलँड्समधल्या प्रसिद्ध व्यक्ती, त्यामुळे तिथल्या लोकांनी तेच फोटो बघून सहज दोन गठ्ठे लावले. ओळखीचा चेहरा आपण दिवाळीच्या गर्दीत पाठमोरासुद्धा ओळखतो. त्या जोरावर अनोळखी चेहराही तसाच ओळखू असं वाटतं, आणि तिथे फसतो. सीसीटीव्हीतल्या धूसर चित्रावरून “हाच तो” म्हणणारा माणूस बहुधा याच भ्रमात असतो.

महाराष्ट्रात ओळख परेड पोलीस घेत नाहीत. कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुतेकदा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार, ती घेतात. एका संशयितासोबत साधारण त्याच्याच वयाची, अंगकाठीची किमान सहा माणसं उभी करायची, रांगेत कुठे उभं राहायचं ते संशयिताने ठरवायचं, आणि तपास अधिकाऱ्याने तिथे फिरकायचं नाही. हे कागदी सोपस्कार वाटतात, पण त्यांना प्रयोगांचा आधार आहे. 1998 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात साक्षीदारांनी चुकीच्या माणसाला निवडल्यावर त्यातल्या काहींना “बरोबर, तुम्ही संशयितालाच ओळखलंत” असं सांगण्यात आलं. तेवढ्या एका वाक्याने त्यांचा आत्मविश्वास वाढलाच, शिवाय आपण चेहरा फार नीट पाहिला होता, असंही ते सांगू लागले. ज्याला उत्तर माहीत आहे, त्याच्या नुसत्या मान हलवण्यानेही परीक्षा फुटते.

आता कुणी म्हणेल, माणसाचं सोडा, बोटांचे ठसे तरी खोटं बोलत नाहीत. जगातलं पहिलं ठसे कार्यालय 1897 मध्ये आपल्याकडेच, कोलकात्यात निघालं. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवली, नाव मात्र त्यांचे वरिष्ठ, बंगालचे पोलीस प्रमुख हेन्रीसाहेब यांचं झालं. (हे नेहमीचंच.) शाई लावून कागदावर घेतलेला पूर्ण ठसा खरंच भरवशाचा असतो. गुन्ह्याच्या जागी सापडतो तो मात्र अर्धवट, फासलेला, कधी एकावर एक पडलेला.

11 मार्च 2004 रोजी माद्रिदमध्ये चार लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, 190 हून अधिक माणसं गेली. स्टेशनजवळ सापडलेल्या एका व्हॅनमध्ये निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत डिटोनेटर होते आणि पिशवीवर एक ठसा. त्याची डिजिटल प्रत अमेरिकेच्या एफबीआयकडे गेली. संगणकाने कोट्यवधी नोंदींतून 20 जवळचे ठसे काढून दिले. त्यांत चौथा ठसा होता ओरेगन राज्यातला वकील ब्रँडन मेफील्ड याचा. एका तज्ज्ञाने जुळणी पक्की केली. दुसऱ्याने तपासली, तिसऱ्याने तपासली. शंभर टक्के तोच, असं उत्तर आलं.

13 एप्रिलला स्पेनच्या पोलिसांनी कळवलं की आमच्या मते जुळत नाही. एफबीआयने त्यांची समजूत घालायला माणूस माद्रिदला धाडला. मेफील्डच्या पासपोर्टची मुदत संपलेली, त्या काळात तो देशाबाहेर गेल्याची नोंद नाही. मग तो खोट्या नावाने गेला असेल, असा तर्क लढवला गेला. त्याने इस्लाम स्वीकारलेला होता. पहिल्या जुळणीच्या वेळी तज्ज्ञांना हे माहीत नव्हतं, पण नंतर फेरविचार न होण्यात या गोष्टीचा हात असावा, असं अमेरिकी न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी म्हटलंय. 6 मे रोजी त्याला अटक झाली, तीही आरोपी म्हणून नव्हे, ‘महत्त्वाचा साक्षीदार’ म्हणून. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही 19 मे रोजी ठसा त्याचाच असल्याचं सांगितलं. त्याच दिवशी स्पेनहून निरोप आला: ठसा एका अल्जीरियन माणसाचा आहे. दुसऱ्या दिवशी मेफील्ड सुटला.

चार तज्ज्ञ एकाच खड्ड्यात कसे पडले? दोन ठशांत खरोखर विलक्षण साम्य होतं, हा एक भाग. नोंदी जितक्या जास्त, तितका जवळचा जुळा सापडण्याचा संभव जास्त. समजा चुकीची जुळणी दहा लाखांत एकदाच होते. तरी एक कोटी नोंदी चाळल्या की दहा निरपराध माणसं वर येणार. दुसरा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. थोडं साम्य दिसल्यावर तज्ज्ञ मेफील्डच्या स्वच्छ ठशातल्या खुणा पिशवीवरच्या धूसर ठशात शोधू लागले, आणि त्या त्यांना दिसूही लागल्या. वरचा डावा भाग जुळत नव्हता. तिथे दुसऱ्या बोटाचा स्पर्श झाला असेल, म्हणून तो सोडून दिला. पुढच्या प्रत्येक तपासनिसाला आधीचं उत्तर ठाऊक होतं. म्हणजे तपासण्या चार दिसल्या तरी नजर एकच होती.

2006 मध्ये इटिएल ड्रॉर या संशोधकाने याची पडताळणी केली. पाच अनुभवी तज्ज्ञांना त्यांनी स्वतःच काही वर्षांपूर्वी जुळवलेल्या ठशांच्या जोड्या, तसं न कळू देता, दिल्या आणि सांगितलं की ही मेफील्ड प्रकरणातली चुकलेली जोडी आहे. तिघांनी आता ‘जुळत नाही’ म्हटलं, एकाला ठरवता येईना. स्वतःच्या जुन्या मतावर टिकला तो एकच.

अटक झालेल्या माणसाच्या हक्कांकडे मी याच चष्म्यातून बघतो. चौकात “गुन्हेगारांचे कसले लाड” असं म्हणणारे भेटतात. पण संविधानाच्या 22 व्या कलमाने 24 तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायला सांगितलंय, ते ज्याने पहिलं उत्तर काढलं नाही असा दुसरा डोळा लागतो म्हणून. तो डोळा रिमांडच्या कागदावर नुसती सही करून मोकळा झाला, तर तोही मेफील्डचा तिसरा तपासनीसच.

चुकून पकडलेल्या माणसाला सगळ्यात जास्त गरज असते ती अटकेच्या कारणाची. आपल्याला कोण समजून धरलंय हेच कळलं नाही, तर “तो माणूस वेगळा” हे सिद्ध कसं करणार? आसाममध्ये नावाच्या सारखेपणामुळे एका वयस्क बाईंना तीन वर्षं स्थानबद्धता केंद्रात काढावी लागली. ज्या बाईसाठी आदेश निघाला होता ती केव्हाच वारली होती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये, महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात, सांगितलं की गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं आरोपीला कळेल त्या भाषेत लेखी द्यायची. लगेच शक्य नसेल तर आधी तोंडी आणि दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी. नाहीतर अटक बेकायदा.

बाकीची व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बासू खटल्यातल्या 1996 च्या निकालातून आली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, आहे: अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा अटक मेमो, नातेवाईक किंवा मित्राला खबर, चौकशीदरम्यान वकिलाची भेट, वैद्यकीय तपासणी. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक 15100. अटक मेमोवरची तारीख आणि वेळ घरच्यांनी आधी बघावी. 24 तास तिथूनच मोजले जातात.

मेफील्डची एफबीआयने माफी मागितली आणि 2006 मध्ये अमेरिकी सरकारने त्याला 20 लाख डॉलर दिले. आपल्याकडे घटनात्मक न्यायालयं भरपाई देऊ शकतात. निर्दोष सुटल्यावरही 14 वर्षं तुरुंगात राहिलेल्या बिहारमधल्या एका माणसाला 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 35 हजार रुपये दिले होते. चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी कायद्यात वेगळी तरतूद करा, असं विधी आयोगाने 2018 मध्ये सुचवलं. ती अजून झालेली नाही. कुणी विनाकारण अटक करवली तर त्याच्याकडून भरपाई देववण्याचं कलम मात्र नव्या संहितेतही आहे, 399 वं. कमाल रक्कम: एक हजार रुपये.