परदेशी स्पॅम कायद्याच्या आवाक्याबाहेर नसतो

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या सोसायटीच्या बैठकीत स्पॅमबद्दल, म्हणजे न मागता ढिगाने येणाऱ्या जाहिरातींच्या किंवा फसव्या मेलबद्दल, पुन्हा तेच वाक्य ऐकू आले: ‘स्पॅम परदेशातून येतो, त्यावर कोणाचाच कायदा चालत नाही.’ हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी लोक तक्रारच करत नाहीत, याचे मला जास्त वाईट वाटते.

ऑक्टोबर २००४ मध्ये अनेक देशांच्या ग्राहकसंरक्षण व दूरसंचार यंत्रणांनी स्पॅमविरुद्ध एकमेकांना मदत करण्यासाठी ‘लंडन ॲक्शन प्लॅन’ स्वीकारला. तो बंधनकारक नव्हता. पण कोणत्या देशात कोणाशी संपर्क साधायचा, याची वाट त्यातून तयार झाली. २००६ च्या कायद्याने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला, म्हणजे तिथल्या ग्राहकसंरक्षण यंत्रणेला, तपासाची माहिती परदेशी यंत्रणांना देण्याची मुभा मिळाली. त्यानंतर २००८ मध्ये, औषधांच्या जाहिरातींचा मारा करणाऱ्या ‘हर्बलकिंग’ या जाळ्यावर अमेरिका आणि न्यूझीलंड अशा दोन्हीकडे कारवाई झाली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी न्यायालयाने सूत्रधाराला सुमारे दीड कोटी डॉलर भरण्याचा आदेश दिला.

भारतात केवळ स्पॅमसाठी वेगळा कायदा नाही, ही उणीव मात्र खरी आहे. फसवणूक हा तरीही गुन्हाच आहे. बैठकीतल्या एका काकांनी असा फसवा मेल मुलाला फॉरवर्ड करून मूळ मेल पुसून टाकला होता. मेल कोणत्या सर्व्हरवरून किती वाजता पुढे सरकला, हे सांगणाऱ्या हेडरच्या ओळी साध्या फॉरवर्डमध्ये जात नाहीत, आणि तपासाला धागा मिळतो तो त्याच ओळींतून. म्हणून मूळ मेल जपून ठेवावा. पैसे गेले असतील, तर विनाविलंब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.