योनिशोषावरील हार्मोनविरहित पुनरुज्जीवन उपचार

पाळी कायमची थांबल्यावर शरीरातले इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटते आणि योनिमार्गाचे अस्तर पातळ, कोरडे व ताठर होते. याला योनिशोष म्हणतात. हार्मोन न देता हे अस्तर पुन्हा जाड, ओलसर आणि लवचिक व्हावे म्हणून लेसर, रेडिओफ्रिक्वेन्सी (रेडिओलहरींनी दिलेली उष्णता) किंवा रुग्णाच्याच रक्तातले घटक वापरले जातात. या पद्धतींची जाहिरात भरपूर होते, पुरावा मात्र तोकडा आहे.

इस्ट्रोजेन असते तेव्हा अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन ही साखर साठते. लॅक्टोबॅसिलस जिवाणू त्यापासून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि योनीचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ३.५ ते ४.५ च्या आसपास राहतो. रजोनिवृत्तीनंतर तो ५ च्या वर जातो, जंतुसंसर्ग वाढतो, संबंधांच्या वेळी दुखते, लघवीला आग होते. अंगाची लाही होण्याचा त्रास बहुतेकींना काही वर्षांत कमी होतो. योनिशोषाचा त्रास मात्र उपचारांवाचून सहसा वाढत जातो. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, त्यामुळे तो सोसण्याची वर्षेही फार. तरी संकोचापोटी अनेकजणी डॉक्टरांना फक्त ‘लघवीला जळजळ होते’ एवढेच सांगतात.

अस्तराला लावायचे अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन क्रीम हा यावरचा परिणामकारक उपचार आहे. पण स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रिया, विशेषतः अरोमाटेज रोधक (शरीरात इस्ट्रोजेन बनणे रोखणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्या, इस्ट्रोजेनमुळे कर्करोग उलटेल या भीतीने ते वापरायला कचरतात. डॉक्टरही सावध असतात. या गोळ्यांनी उरलेसुरले इस्ट्रोजेनही घटते आणि कोरडेपणा आणखी बळावतो. हार्मोनविरहित उपायांची खरी गरज इथे आहे.

फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसरने अस्तरावर सूक्ष्म ठिपक्यांच्या जखमा केल्या जातात. त्या भरताना पेशी नवे कोलॅजेन (ऊतींना बळकटी देणारे प्रथिन) बनवतील, ही अपेक्षा. चेहऱ्यावरचे व्रण घालवण्यासाठी हेच तंत्र आधीपासून वापरात होते. साधारण महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने तीन बैठका होतात. सुरुवातीच्या अभ्यासांत बायकांना बरे वाटले, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सिडनीत ८५ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत काहींना खरा लेसर, तर काहींना त्याचे निव्वळ नाटक करून दाखवण्यात आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बारा महिन्यांनी दोन्ही गटांच्या त्रासात लक्षणीय फरक नव्हता, आणि ऊतींच्या तपासणीतही नव्हता. त्याआधीच, जुलै २०१८ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘योनी पुनरुज्जीवना’साठी अशी उपकरणे वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता, भाजणे, व्रण, संबंधांच्या वेळी वेदना आणि कायमचे दुखणे हे धोके त्यात नोंदवले होते. लेसर आणि इस्ट्रोजेन क्रीम यांची तुलना करणाऱ्या एका चाचणीत सहा महिन्यांनी दोन्हींचा गुण सारखाच दिसला खरा, पण त्यात नाटकी उपचाराचा गट नव्हता. तेवढ्यावर खर्चीक बैठकांचे समर्थन होत नाही.

प्लेटलेटसमृद्ध प्लाझ्मा, म्हणजे पीआरपी, पद्धतीत रक्त काढून यंत्रात फिरवतात आणि प्लेटलेटचा (रक्त गोठवणाऱ्या पेशींचा) भाग अस्तरात टोचतात. त्यातले वृद्धिघटक ऊतींची डागडुजी करतील, असा तर्क आहे. अभ्यास छोटे आहेत आणि प्लाझ्मा बनवण्याची रीत जागोजागी वेगळी, त्यामुळे निष्कर्षांची तुलना करणेच अवघड.

हायल्युरॉनिक आम्लाचे जेल पाणी धरून ठेवते. त्याला पुनरुज्जीवन म्हणणे जरा अतिशयोक्तीचे, पण काही छोट्या चाचण्यांत त्याने इस्ट्रोजेन क्रीमच्या जवळपास आराम दिला आहे. आठवड्यातून दोन-तीनदा लावायचे मॉइश्चरायझर आणि संबंधांच्या वेळचे वंगण यांपासूनच सुरुवात करण्याचा सल्ला दिला जातो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडले असतील तर फिजिओथेरपीही लागते. एवढे करूनही आराम पडला नाही, तर स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीलाही कर्करोगतज्ज्ञाच्या विचाराने अल्प मात्रेचे स्थानिक इस्ट्रोजेन देता येऊ शकते. पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेले, तर मात्र ते कोरडेपणामुळेच असे गृहीत न धरता आधी गर्भाशयाची तपासणी करावी लागते.