पिपात आंबलेली वाईन कमी लाकडी का लागते?

पोर्तुगाल आणि वाईन म्हटलं, की आपल्याकडे अनेकांना गोव्यातली गोड, लाल पोर्ट आठवते. त्या देशाच्या पांढऱ्या वाईनकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पण तिथल्या दांव प्रदेशात एंक्रुझादो नावाचं पांढरं द्राक्ष पिकतं. त्याचा रस अनेक जण ओकच्या पिपातच आंबवतात, आणि त्या पिपात जे घडतं ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने मोठं गमतीचं आहे.

समजा, एकाच रसाचे दोन भाग केले. एक नव्या पिपात आंबवला आणि तिथेच काही महिने ठेवला. दुसरा स्टीलच्या टाकीत आंबवला आणि वाईन झाल्यावर तशाच पिपात भरला. लाकडाचा वास कुणाला जास्त येईल? लाकडात जास्त दिवस राहिली तिला, असं कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात बहुधा उलट होतं.

पीप बांधताना ओकच्या फळ्या आगीवर शेकतात, म्हणजे त्या वाकतात. या शेकण्यात लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन तुटतं आणि व्हॅनिलिन तयार होतं. व्हॅनिलाचा वास तो हाच. हेमिसेल्युलोजपासून, म्हणजे लाकडातल्या साखरेच्या साखळ्यांपासून, जळक्या साखरेच्या वासाची संयुगं बनतात. जास्त शेकलं तर धुरकट ग्वायकोल येतं. लवंगेत असतं ते युजेनॉलही ओकमध्ये थोडं असतं. लॅक्टोन नावाची खोबऱ्यासारख्या वासाची संयुगं मात्र लाकडात मुळातच असतात, आणि अमेरिकन ओकमध्ये ती फ्रेंच ओकपेक्षा सहसा जास्त. नाजूक पांढऱ्या वाईनसाठी म्हणूनच बहुतेक जण फ्रेंच ओक पसंत करतात.

आता यीस्ट. व्हॅनिलिन हे अल्डिहाइड या वर्गातलं संयुग आहे. जिवंत यीस्ट त्याचं रूपांतर व्हॅनिलिल अल्कोहोलमध्ये करतं, आणि त्याला जवळजवळ वासच नसतो. म्हणजे लाकडातून व्हॅनिलिन उतरत असतानाच त्याचा काही भाग संपतही असतो. आंबणं थांबलं की मेलेलं यीस्ट तळाशी गाळ होऊन बसतं. त्याच्या पेशीभित्तिकांना लाकडाची काही संयुगं आणि तुरट चवीचं टॅनिन चिकटतात. शिवाय हा गाळ ऑक्सिजन खातो, त्यामुळे वाईन लवकर तपकिरी पडत नाही. अधूनमधून काठीने तो ढवळला की पेशीभित्तिकांतले मॅनोप्रोटीन, म्हणजे साखर जोडलेली प्रथिनं, वाईनमध्ये उतरतात आणि तिला तोंडात भरीवपणा येतो. स्टीलच्या टाकीतून गाळून आणलेल्या वाईनला हे संरक्षण नसतं. लाकूड जे देईल ते ती मुकाट्याने घेते.

एंक्रुझादोला हे सारं मानवतं, कारण कोवळ्या वयात त्याचा स्वतःचा वास मंद असतो. पण अंगात दम असतो आणि आंबटपणा टिकतो. या टिकण्यामागे दांवचा भूगोल आहे. 1908 साली सीमा आखून दिलेला हा प्रदेश डोंगरांनी वेढलेला आहे. पश्चिमेला कारामुलोची डोंगररांग अटलांटिकचा बराचसा पाऊस अडवते. आग्नेयेला सेर्रा दा एश्त्रेला ही डोंगररांग, तिचा माथा 1993 मीटरचा, पोर्तुगालच्या मुख्य भूमीवर सर्वांत उंच. बहुतेक द्राक्षमळे पाइनच्या जंगलांच्या अधेमधे, साधारण 400 ते 500 मीटर उंचीवर. जमीन ग्रॅनाइटची भुगी, पाणी न धरणारी आणि निकस. उन्हाळ्यात दिवस तापतात, रात्री गार होतात. द्राक्षाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने खर्च होतं. रात्र गार असली की त्याचा खर्च मंदावतो. साखर भरेपर्यंत आंबटपणा शिल्लक राहतो तो यामुळे.

इतकं असूनही अतिरेक होतोच. मध्यंतरी सगळीकडेच नव्या पिपांचा सोस होता, आणि द्राक्ष कुठलंही असो, वाईन व्हॅनिलाच्या आइसक्रीमसारखी लागे. माझ्या मते एंक्रुझादोवरचा तो अन्यायच. त्यावरचे उपाय साधे आहेत. नेहमीच्या 225 लिटरच्या पिपाऐवजी 500 लिटरचं घेतलं, की दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श कमी होतो. किंवा वापरलेलं पीप घ्यायचं. तीन-चार हंगामांत त्याचा बहुतेक वास निघून जातो, पण लाकडातून आणि फळ्यांच्या सांध्यांतून किंचित ऑक्सिजन आत जात राहतो. वाईन हळूहळू मुरायला तेवढा पुरतो.